मोज्यातली चांदी, किटमधलं सोनं

कोविडच्या दिवसांत घरच्या घरी केलेली रॅपिड टेस्ट आठवतेय? नाकात काडी, पट्टीवर तीन-चार थेंब आणि मग पंधरा मिनिटं डोळे लावून बसायचं, एक रेघ येते की दोन? ती लालसर रेघ कशाची होती माहितीये? अशा बऱ्याच किट्समध्ये ती चक्क सोन्याची असते. प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीतही बरेचदा तेच. सोन्याचे कण इतके बारीक केलेले असतात की सोनं पिवळं दिसायचंच विसरतं आणि लाल दिसायला लागतं. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये लंडनमध्ये असं लाल सोनं बाटलीत बनवलं होतं. रंग बदलायचं कारण कणांचा आकार, हेही त्याने तेव्हाच ताडलं होतं.

नॅनो म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटर. आपला केस ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. पण खरी गंमत आकारात नाही, पृष्ठभागात आहे. खडीसाखर दुधात विरघळायला वेळ लावते, पिठीसाखर टाकताक्षणी गायब होते. साखर तीच, फक्त दुधाला भिडणारी बाजू वाढली. आता एक सेंटिमीटरचा चांदीचा ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच दहा नॅनोमीटरचे तुकडे केले तर क्षेत्रफळ होतं ६०० चौरस मीटर! कबड्डीची चार मैदानं झाकून वर उरेल एवढं. चांदी मात्र तेवढीच.

म्हणूनच बारशाला मिळालेली चांदीची वाटी आणि नॅनो चांदी यांना एकाच मापात तोलता येत नाही. वाटीतून चांदी सुटते ती नावापुरती. नॅनो कणांतून चांदीचे आयन भराभर सुटतात, जंतूच्या प्रथिनांना चिकटतात, त्याचं बाहेरचं आवरण फाडतात. भाजलेल्या जखमांवर लावायची नॅनो चांदीची ड्रेसिंग्ज याच तत्त्वावर चालतात. भाजलेल्या माणसाची कातडीच गेलेली असते आणि जंतूंना आयतं दार उघडं मिळतं. तिथे ही चांदी मोलाची आहे, यात वाद नाही.

भानगड अशी की आयन काही ओळखपत्र बघत नाहीत. जंतूच्या पेशीत जी तोडफोड होते ती पुरेशा डोसला आपल्या पेशीतही होऊ शकते. लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी पेशींवर नॅनो चांदीचे असे परिणाम दिसले आहेत. डीएनएला इजा होणं हा त्यातलाच एक.

मग सोनं तरी साधं सरळ आहे का? जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये वेगवेगळ्या आकाराचं सोनं पेशींवर टाकून पाहिलं. १.४ नॅनोमीटरच्या कणांनी पेशी मेल्या. १५ नॅनोमीटरचे कण कितीतरी पट जास्त टाकले तरी पेशींना काही झालं नाही. म्हणजे ‘सोनं सुरक्षित आहे का?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. केवढं सोनं, किती आणि शरीरात कुठे, हे विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही. किटमधलं सोनं पट्टीवर राहतं, रेघ दाखवतं आणि कचऱ्यात जातं. तेच रक्तात सोडलं तर गोष्ट वेगळी. किडनी साधारण साडेपाच नॅनोमीटरहून मोठे कण सहसा बाहेर टाकू शकत नाही. ते यकृत आणि प्लीहेत अडकतात, कधी कधी महिनोन्‌महिने.

तरीही डॉक्टर असे कण रक्तात सोडतात बरं का! किडनीच्या रुग्णांच्या अ‍ॅनिमियासाठी आयर्न ऑक्साइडच्या नॅनो कणांचं ‘फेरुमॉक्सिटॉल’ हे इंजेक्शन अमेरिकेत २००९ मध्ये मंजूर झालं. काही रुग्णांना जीवघेणी अ‍ॅलर्जी आली, तेव्हा २०१५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. औषध बंद झालं नाही. पण ते हळूहळू द्यायचं आणि नंतर अर्धा तास रुग्णावर नजर ठेवायची, असे नियम आले. फायदा मोठा, धोका माहीत, शेजारी डॉक्टर उभा. मला हा सौदा पटतो.

न पटणारा सौदा म्हणजे पॉल कॅरासन यांचा. हे अमेरिकन गृहस्थ वर्षानुवर्षं घरी बनवलेलं चांदीचं पाणी पीत होते, चेहऱ्यालाही लावत होते. त्यांची त्वचा निळी पडली आणि २०१३ मध्ये मृत्यू होईपर्यंत निळीच राहिली. चांदी त्वचेत साठून रंग बदलण्याच्या या प्रकाराला ‘आर्जिरिया’ म्हणतात आणि तो सहसा परतत नाही. असं चांदीचं पाणी सुरक्षितही नाही आणि परिणामकारकही नाही, असा निर्वाळा अमेरिकी औषध प्रशासनाने १९९९ मध्येच दिला होता. तरी २०२० मध्ये तेच पाणी कोरोनावरचा उपाय म्हणून विकलं जात होतं आणि विकणाऱ्यांना नोटिसा पाठवाव्या लागल्या.

आता तुमच्या कपाटाकडे या. ‘नॅनो सिल्व्हर’ लिहिलेले वास न येणारे मोजे, जिमचा टी-शर्ट असं काही आहे? ते घातल्याने तुम्ही निळे होणार नाही, निश्चिंत राहा. पण अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये चांदीवाले मोजे पाण्यात धुऊन पाहिले, तेव्हा काही जोड्यांतली जवळपास सगळी चांदी चार धुण्यांत निघून गेली. म्हणजे जिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजले ती चांदी महिनाभरात गटारात!

पुढे काय होतं, तर सांडपाण्यातल्या गंधकाशी जुळून बरीचशी चांदी सिल्व्हर सल्फाइड बनते आणि तिचा विखार पुष्कळ कमी होतो. मैलाशुद्धीकरण केंद्रात ती गाळासोबत खाली बसते. आपल्याकडे मात्र बरंच सांडपाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही, नाल्यातून थेट नदीत जातं. आणि पाण्यातल्या शेवाळाला आणि बारीक जिवांना चांदी आपल्यापेक्षा कितीतरी कमी मात्रेत बाधते. पायांचा वास घालवायला साबण आणि रोज धुतलेले सुती मोजे पुरतात, होस्टेलवर राहणाऱ्यांनाही.