'य'च्या पोटातली तिरकी रेघ

लिनक्सवर एखाद्या फाइलला 'यादी' असं मराठी नाव द्या. संगणक मुकाट्याने ते ठेवून घेतो. यात काय विशेष? विशेष हे, की लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, देवनागरीचं एक अक्षरही ओळखता येत नाही!

त्याच्या लेखी फाइलचं नाव म्हणजे नुसती बाइटची रांग, 0 ते 255 मधले आकडे. त्यातले दोनच नावात चालत नाहीत: 0, कारण तिथे नाव संपतं, आणि 47, कारण ती '/' ही फोल्डर वेगळे करणारी तिरकी रेघ.

आता गंमत बघा. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, 'य'चा क्रमांक आहे 2351. एका बाइटमध्ये तो मावत नाही. सरळ दोन बाइटमध्ये लिहिला तर होतात 9 आणि 47. म्हणजे 'य'च्या पोटातच तिरकी रेघ! 'यादी' राहिली बाजूला, कर्नल भलताच फोल्डर शोधत सुटणार. इंग्रजी अक्षरांची गत तर याहून वाईट: प्रत्येकासोबत एक 0, म्हणजे नाव पहिल्याच अक्षराला खलास.

उपाय सापडला सप्टेंबर 1992 मध्ये, न्यू जर्सीतल्या एका साध्या हॉटेलात. बेल लॅब्जच्या केन थॉम्प्सन यांनी सहकारी रॉब पाइक यांच्यासमोर ताटाखालच्या कागदावरच यूटीएफ-8 ची, म्हणजे हे क्रमांक बाइटमध्ये लिहिण्याच्या नव्या पद्धतीची, मांडणी केली. ती होती बेल लॅब्जच्या 'प्लॅन 9' या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी. लिनक्सने पुढे तीच पद्धत उचलली.

युक्ती काय? 128 च्या खालचे आकडे जुन्या इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे. त्यांना हात लावायचा नाही. बाकी जगातल्या प्रत्येक लिपीचा प्रत्येक बाइट 128 किंवा त्यावरचा. 'य' होतो 224, 164, 175. शोधा बरं आता 47!

शिवाय पहिल्या बाइटवरच मागे किती येणार ते लिहिलेलं असतं, जणू इंजिनावर डब्यांची संख्या. मधूनच वाचायला लागलात तरी पुढचं इंजिन दिसलं की गाडी रुळावर. मग पडद्यावर जोडाक्षरं जुळवणं, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाखवणं ही कामं हार्फबझसारखी मुक्त लायब्ररी आणि फॉन्ट मिळून करतात. कर्नलला पत्ताही नसतो.

किंमत एकच. लिनक्सवर फाइलच्या नावाला साधारणपणे 255 बाइट मिळतात. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, प्रत्येकाचे वेगळे तीन. एकट्या 'ज्ञानेश्वरी'लाच 33 लागतात. तेव्हा नावं मराठीत जरूर द्या, फक्त आटोपशीर ठेवा.