*कोठ्यातली बादली तारेनं शिवू नका*



चिरलेल्या बादलीला लावलेली तार तुटून चाऱ्यासोबत पोटात गेली, तर थेट काळजात टोचू शकते. गाय हातची जाते.

*असं जोडा:*
१) बादली धुऊन पूर्ण वाळवा.
२) चिरेच्या टोकाला बारीक छिद्र पाडा, चीर पुढे सरकत नाही.
३) त्याच प्लास्टिकची पट्टी घ्या (बुडावरचा २ किंवा ५ आकडा जुळवा). गरम सळईनं बाहेरून वितळवून बसवा. काम उघड्यावर करा, धूर घेऊ नका.
४) कडा घासा, पाणी भरून पाहा.

एम-सील या प्लास्टिकला नीट धरत नाही.

*दुधाची बादली चिरली तर बदलाच,* भेगेत जंतू राहतात. फवारणीची बादली कोठ्यात आणू नका. तुकडे नागझिऱ्याच्या जंगलाकडेला फेकू नका, तिथं आपलीच ढोरं चरतात.