गिलाव्याआडची भिंत

घर कसे आहे हे पाहुणा भिंतीवरून ठरवतो, आणि भिंत कशी आहे हे तिच्या गिलाव्यावरून. आमच्या नांदेड-लातूरकडे हा रिवाज जुना. माळवदाच्या घराला पांढऱ्या मातीचा हात फिरला की सण जवळ आल्याची खूण पटायची. शेणमातीत भुसकट कालवायचे तेही उगाच नव्हे. माती वाळताना आक्रसते, तडकते. भुसकटाचे धागे तिला धरून ठेवतात. ही युक्ती किती जुनी! वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळल्याचे संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले.

ऐपतदारांच्या वाड्याला चुना असे. घाणीत वाळूबरोबर मळलेला चुना हवेतला कार्बन वायू शोषून वर्षानुवर्षे घट्ट होत जातो, आणि भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. वरून नीरूचा गुळगुळीत हात दिला की भिंत आरशासारखी.

आता सिमेंटचे राज्य आहे. आतून सुमारे १२ मिलिमीटरचा एक थर पुरतो. बाहेरून दोन थरांत २० मिलिमीटर लागतो. बाहेर दाणेदार गिलावा शोभतो आणि सोयीचाही, कारण बारीक भेगा त्यात लपून जातात. प्लास्टर ऑफ पॅरिसची वेलबुट्टी मात्र बैठकीतच ठेवावी. पावसात ती टिकत नाही. सिमेंटच्या गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारावे लागते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, हे आठवून कामाचा महिना निवडावा.

बँकेत असताना घरदुरुस्तीच्या कर्जासाठी मी पाहणीला जात असे. यजमान कौतुकाने नवी नक्षी दाखवीत. मी भिंतीवर बोटांनी टकटक करी, तेव्हा त्यांना वाटे, साहेब पैसे न देण्याचे निमित्त शोधताहेत! पण पोकळ आवाज आला, तर गिलावा भिंतीपासून सुटला आहे असे समजावे.

याची खरी किंमत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने दाखवली. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती बाहेरून भक्कम दिसत. प्रत्यक्षात त्या म्हणजे दगडांच्या दोन पाळ्या आणि मध्ये चिखल-कपच्यांची भर. दोन्ही पाळ्यांना जखडणारे आरपार दगड नव्हते. हादरा बसताच पाळ्या सुटल्या आणि माळवदाची मणामणांची माती झोपलेल्या माणसांवर आली. हजारो जीव गेले. त्यानंतर कित्येकांनी दगडाचाच धसका घेतला आणि पत्र्याखाली राहणे पसंत केले. दोष नुसत्या दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. आणि बांधणी गिलाव्याआड दिसत नाही.

म्हणून जुन्या घराला नवा साज चढवण्याआधी गवंड्याला तीन गोष्टी विचाराव्यात. भिंतीला पोट आले आहे का? आरपार दगड आहेत का? दारांच्या वरून घराला सलग काँक्रीटचा पट्टा बांधता येईल का? चिखलातल्या भिंतीवर सिमेंटचा जाड लेप तर देऊच नये. आतली ओल कोंडते आणि लेप पापुद्र्यासारखा सुटतो. तिथे माती किंवा चुनाच बरा.

वरून कीर्तन, आतून तमाशा, अशी माणसे आपण ओळखतो आणि त्यांच्यापासून चार हात दूर राहतो. भिंतीपासून तसे दूर राहता येत नाही. तिच्या कुशीत आपली लेकरे झोपतात.