तंत्रज्ञांचे धुरीणत्व आणि परिचयाचे जाळे : ओमतीवरून एक दृष्टिक्षेप

जबलपूर शहरातील ओमती हा भाग त्याच नावाच्या नाल्यावरून ओळखला जातो. येथील पाट्या हिंदी, न्यायालयाची भाषा इंग्रजी व हिंदी, आणि काही घरांतील बोली मात्र मराठी, असा त्रिविध व्यवहार या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे राज्य सागरच्या मराठी अंमलाखाली आले, १७९८ मध्ये पेशव्यांनी नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांस दिले आणि १८१७ च्या अखेरीस ते इंग्रजांच्या हाती गेले. पुढे १९५६ पर्यंत नागपूर व जबलपूर ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात नांदली. येथील मराठी वस्तीचे मूळ या राजकीय व प्रशासकीय इतिहासात आहे. अशा ठिकाणी उभे राहून माहिती-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातील अधिकाऱ्यांचे नेतृत्व कसे घडते आणि त्यांचे परस्परसंबंध कसे विणले जातात, या प्रश्नाचा विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे. भारतीय साहित्याच्या अभ्यासकास हा विषय प्रथमदर्शनी परका वाटेल. तो तसा का नाही, हे लेखाच्या उत्तरार्धात स्पष्ट व्हावे.

प्रथम शब्दांचा विचार करू. इंग्रजीतून आलेल्या 'लीडरशिप' या शब्दासाठी आपण 'नेतृत्व' हा संस्कृत शब्द रूढ केला. परंतु मराठीत त्याआधीपासून 'पुढारी', 'म्होरक्या', 'धुरीण', 'कारभारी' असे शब्द होतेच, आणि त्यांच्या अर्थच्छटा एक नाहीत. पुढारी आणि म्होरक्या पुढे चालतात. धुरीण धुरा, म्हणजे गाडीचे जू, वाहतो, तर कारभारी दुसऱ्याच्या वतीने व्यवहार सांभाळतो. 'नेटवर्किंग' या शब्दाची स्थिती याहून अवघड आहे. त्यास 'ओळखीपाळखी' म्हणावे तर हलकेपणा येतो, 'गोतावळा' म्हणावे तर रक्तसंबंधाची सूचना होते, आणि 'वशिला' म्हटल्यास निंदा ध्वनित होते. व्यवसायातील समान कामामुळे जडलेल्या, परस्परांच्या ज्ञानावर विश्वासणाऱ्या संबंधास आपल्या भाषेत रूढ नाव नाही. या लेखापुरते त्यास 'व्यावसायिक परिचय' म्हणू.

आता या परिचयाची गरज कोणास व का भासते ते पाहू. माहिती-तंत्रज्ञानात मनुष्य प्रथम कारागीर म्हणून प्रवेश करतो. आज्ञावली लिहिणे, तिच्यातील दोष शोधणे, यंत्रणा चालती ठेवणे ही त्याची कामे होत. ती उत्तम केल्याबद्दल त्यास बढती मिळते, आणि बढतीबरोबर ज्या कौशल्यासाठी ती मिळाली त्याचा उपयोग कमी होऊ लागतो. हेन्री मिंट्झबर्ग यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पाच प्रमुख अधिकाऱ्यांच्या दैनंदिन कामाचे प्रत्यक्ष निरीक्षण नोंदविले आहे. अधिकारी एकांतात बसून योजना आखतो ही समजूत त्या निरीक्षणाने खोटी ठरविली. त्याच्या वेळेचा फार मोठा भाग तोंडी संभाषणात जातो, आणि ही संभाषणे त्रोटक व वारंवार खंडित होणारी असतात. म्हणजे उत्तम तंत्रज्ञाचे उत्तम अधिकाऱ्यात रूपांतर होणे हा बोलण्याच्या, ऐकण्याच्या आणि माणसे जोडण्याच्या शिक्षणाचा प्रश्न आहे.

त्याच वर्षी मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 'दुर्बळ संबंधांचे सामर्थ्य' दाखविणारा निबंध लिहिला. परिचितांच्या द्वारे नवी नोकरी मिळविलेल्या तंत्रज्ञांना व अधिकाऱ्यांना त्याने विचारले, की ज्याने ही बातमी दिली तो तुम्हांस किती वेळा भेटत असे? शेकडा सुमारे १७ जणांनी 'वरचेवर' असे सांगितले, सुमारे ५६ जणांनी 'अधूनमधून', तर सुमारे २८ जणांनी 'क्वचितच' असे उत्तर दिले. याची मीमांसा सरळ आहे. जिवलग मित्रांचे वर्तुळ आपलेच असते, त्यामुळे त्यांस ठाऊक असलेले बहुधा आपल्यासही ठाऊक असते. नवी वार्ता येते ती दुसऱ्या वर्तुळात वावरणाऱ्या दूरच्या परिचिताकडून. विश्वास घट्ट संबंधांत वसतो आणि नवीनता सैल संबंधांतून येते, असे या विवेचनाचे सार काढता येईल. ज्यास पुढाकार घ्यावयाचा आहे त्यास दोहोंची गरज असते.

जबलपूरला याचे उत्तम उदाहरण सापडते. येथे १९४७ मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. दूरसंचार अभियांत्रिकीचे शिक्षण देशात ज्या मोजक्या ठिकाणी आधी सुरू झाले, त्यांत त्याची गणना होते. तसेच दूरसंचार खात्याचे प्रशिक्षण केंद्र या शहरात दीर्घकाळ आहे. आज ते भारतरत्न भीमराव आंबेडकर दूरसंचार प्रशिक्षण संस्था या नावाने भारत संचार निगमाच्या अखत्यारीत चालते. २००५ मध्ये माहिती-तंत्रज्ञान, अभिकल्प व निर्मिती यांची केंद्रीय संस्थाही येथे स्थापन झाली. प्रशिक्षण केंद्राच्या अभ्यासक्रमाकडे केवळ विषयांची यादी म्हणून पाहिले तर त्याचे अर्धेच महत्त्व कळते. निरनिराळ्या प्रांतांतून आलेले अभियंते काही आठवडे वा महिने एकत्र राहतात, एका पंक्तीस जेवतात आणि नंतर देशभर पांगतात. पुढे एखाद्या दूरच्या केंद्रातील यंत्र बिघडले असता ज्यास दूरध्वनी करावयाचा तो मनुष्य वसतिगृहातील जुना सोबती असतो. ग्रॅनोव्हेटरच्या भाषेत हा दुर्बळ संबंध होय. खात्याच्या उतरंडीत त्याची नोंद कोठेही नसते, तथापि काम त्यावाचून अडते.

पद आणि नेतृत्व यांतील अंतर दाखविणारा एक ऐतिहासिक प्रसंगही याच परिसरातील आहे. १९३९ च्या जानेवारीत सुभाषचंद्र बोस काँग्रेसच्या अध्यक्षपदी १५८० विरुद्ध १३७७ मतांनी निवडून आले. मार्चमध्ये जबलपूरनजीक त्रिपुरी येथे अधिवेशन भरले. कार्यकारिणी महात्मा गांधींच्या इच्छेनुसार नेमावी असा ठराव तेथे संमत झाला, आणि एप्रिलअखेर बोस यांनी राजीनामा दिला. या वादात कोणाची बाजू न्याय्य होती हा येथे प्रश्न नाही. मतांनी पद मिळाले तरी ज्यांच्यासह काम करावयाचे त्यांचे सहकार्य पदाबरोबर आपोआप येत नाही, एवढेच त्यावरून घ्यावयाचे. राजकीय सभा आणि संगणकाची कंपनी यांत महदंतर आहे हे खरे. परंतु नव्याने नेमलेल्या अधिकाऱ्यास पहिल्या काही महिन्यांत जो अनुभव येतो तो जातीने याहून वेगळा नसतो.

महाराष्ट्रात या प्रकारच्या घडणीचे केंद्र पुणे झाले. टाटा समूहाने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी १९६६ मध्ये पुण्यात स्वतंत्र संस्था काढली. १९८१ मध्ये त्याच समूहाचे संगणकविषयक संशोधन केंद्र तेथे उभे राहिले. त्याच वर्षी इन्फोसिसचीही पुण्यातच स्थापना झाली, जरी १९८३ मध्ये ती बंगळूरला गेली. १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, निघाले. अकोला जिल्ह्यात जन्मलेले विजय भटकर हे त्याचे पहिले संचालक होत. १९९१ मध्ये तेथे 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. एका शहरात संशोधन केंद्रे, कंपन्या आणि विद्यापीठ जवळजवळ असली म्हणजे माणसे एका संस्थेतून दुसरीत जातात व ज्ञान त्यांच्याबरोबर फिरते. अ‍ॅनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅली व बॉस्टनजवळचा संगणक-उद्योग यांची तुलना करून हेच दाखविले. पहिल्या ठिकाणी निरनिराळ्या कंपन्यांतील अभियंते एकमेकांशी मोकळेपणी बोलत आणि दुसऱ्या ठिकाणी प्रत्येक कंपनी आपल्या भिंतींत बंदिस्त राहिली. दोहोंच्या पुढील वाटचालीत पडलेल्या अंतराचे हे एक मोठे कारण त्यांनी मानले.

येथवरचे विवेचन व्यवस्थापनशास्त्राचे झाले. आता साहित्याच्या अभ्यासकाचा त्यात कोणता संबंध आहे ते पाहू. भारतीय लिप्या संगणकावर कशा उमटाव्यात यासाठी १९८० च्या दशकात संकेतप्रणाली तयार झाली. कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेत आरंभ झालेले हे काम पुढे पुण्यात सी-डॅकमध्ये वाढले, आणि १९९१ मध्ये 'इस्की' या नावाने त्यास भारतीय मानकाचे रूप मिळाले. 'युनिकोड' या जागतिक संकेतातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरच बेतलेली आहे. म्हणजे काही थोड्या तंत्रज्ञांनी थोड्या बैठकांत जे ठरविले, त्यावर आज कोट्यवधी लोकांचे लेखन उभे आहे.

एका अक्षराचे उदाहरण घेऊ. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील भेदही सर्वश्रुत आहे. हा भेद दाखविणारा अर्धा र हिंदीस लागत नाही. संगणकात तो दोन निरनिराळ्या मार्गांनी लिहिता येतो : एक नुक्ता असलेल्या र च्या आधारे, दुसरा साध्या र ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात, परंतु यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द होत. परिणामी एखाद्या संशोधकाने संगणकीय ग्रंथसंग्रहात 'दऱ्या' हा शब्द शोधला आणि यंत्रणेने दोन्ही रूपे एक मानण्याची तजवीज केलेली नसली, तर दुसऱ्या मार्गाने टंकलिखित केलेली सर्व पाने त्याच्या दृष्टीस पडणार नाहीत. शब्दांची वारंवारता मोजणारा, पाठभेद पाहणारा अभ्यासक यामुळे नकळत चुकीच्या निष्कर्षावर येऊ शकतो. ल आणि श यांच्या मराठी वळणाचाही असाच प्रश्न होता. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचे प्रमाणीकरण करणारा निर्णय काढला. तथापि शासननिर्णय झाला म्हणजे अक्षरवळण प्रत्येक यंत्रात पोहोचते असे नाही. ते पोहोचविणारा कोणी अधिकारी त्या त्या कंपनीत असावा लागतो, आणि त्यास हा प्रश्न समजावून सांगणारा भाषातज्ज्ञ त्याच्या परिचयाचा असावा लागतो.

भाषेचे हित ज्या निर्णयांवर अवलंबून आहे, ते निर्णय घेणाऱ्या धुरीणांच्या परिचयवर्तुळात भाषेचे अभ्यासक बहुधा नसतात. अभियंत्याचा परिचय अभियंत्याशी आणि प्राध्यापकाचा प्राध्यापकाशी असतो, तर मधला दुवा रिकामा राहतो. हा दुवा सांधला गेल्यास काय साधते, याचे उदाहरण जबलपूरशी निगडित विद्वत्तेतच आहे. सागरला जन्मलेले व जबलपूरला राहिलेले कामताप्रसाद गुरु यांचे 'हिंदी व्याकरण' १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या सिद्धतेत मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'चा त्यांस उपयोग झाला. एका भाषेतील शास्त्रीय श्रम शेजारच्या भाषेच्या कामी आले ते दोन्ही भाषा कानी पडणाऱ्या प्रदेशात, हा निव्वळ योगायोग मानण्याचे कारण नाही. सीमेवरील मनुष्य स्वभावतःच दोन वर्तुळांतील दुवा असतो. ओमतीसारख्या वस्तीतील मराठी घरांतून संगणकक्षेत्रात गेलेल्या तरुणांच्या ठायीही हीच शक्यता आहे. त्यांस हिंदीचे लेखन अंगवळणी आहे व मराठीचे वेगळेपण घरून ठाऊक आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. व्यावसायिक परिचय आणि वशिला यांतील रेषा पुसट असते. आपल्या समाजात ओळखी जातीच्या, गावाच्या आणि शाळेच्या वाटेने वाहतात. ज्या कंपनीत बढतीचा खरा विचार कार्यालयीन वेळेनंतरच्या बैठकीत होतो, तेथे घरची जबाबदारी वाहणारी स्त्री आणि ज्याच्या घरातील पहिलीच पिढी शिकली तो तरुण, दोघेही वर्तुळाबाहेर राहतात. त्यांच्या गुणवत्तेस उणेपणा नसतो, त्यांस फक्त वार्ता उशिरा कळते. यास्तव नेतृत्वशिक्षणाची कसोटी अशी असावी, की ते आधीच परिचित असलेल्यांस अधिक परिचित करते की अपरिचितास प्रवेश देते. वसतिगृहाची पंगत या कसोटीस बऱ्याच अंशी उतरते, कारण तेथे कोण कोणाशेजारी बसेल हे कुळावरून ठरत नाही.

या विवेचनातून काही व्यवहार्य सूचना निघतात. भाषाविभागांनी आपल्या चर्चासत्रांस संगणकक्षेत्रातील एकदोन अधिकाऱ्यांस बोलवावे, आणि तेही केवळ उद्‌घाटनापुरते नव्हे. एखादा निश्चित प्रश्न, उदाहरणार्थ वर सांगितलेला अर्ध्या र चा, त्यांच्यापुढे ठेवावा. उलटपक्षी अभियांत्रिकी व व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात भारतीय लिप्यांच्या लेखननियमांवर एखादे व्याख्यान असावे. अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालील तरुणांस वर्षातून काही दिवस अन्य क्षेत्रांतील माणसांत मिसळू द्यावे व तो वेळ वाया गेला असे समजू नये. आणि आपण अभ्यासकांनीही तंत्रज्ञांकडे केवळ तक्रार घेऊन जाण्याची सवय सोडावी. नियम, अपवाद आणि उदाहरणे यांचा नीट लिहिलेला कागद त्यांस हवा असतो, आणि तो देणे आपल्यावाचून दुसऱ्या कोणास शक्य नाही.

धुरीण शब्दाच्या मूळ अर्थाकडे शेवटी पुन्हा वळू. जू एका बैलाच्या खांद्यावर नसते, ते दोघांच्या मानेवर असते आणि दोघांची चाल जुळली तरच गाडी चालते. भारतीय लिप्यांच्या संगणकीय भवितव्याची धुरा आज बव्हंशी एका बाजूने ओढली जात आहे. दुसरी बाजू मोकळी आहे, आणि ती जागा भाषेच्या अभ्यासकांची आहे.