सासू, आई आणि दामिनी

‘इक्बाल’मधली आई आणि ‘डोर’मधली सासू एकाच नटीने केली आहे, हे माझ्या शेजारणीला काही केल्या पटेना. शेवटी दोन्ही सिनेमे लावून दाखवले. पहिला २००५चा, दुसरा २००६चा, दिग्दर्शक दोन्हींचा नागेश कुकुनूर. पहिल्यात क्रिकेटवेडी सईदा. मुक्या-बहिऱ्या मुलाला गोलंदाज व्हायचंय, बापाचा विरोध आहे, आणि ही माउली नवऱ्याच्या नकळत मुलाच्या बाजूने उभी. दुसऱ्यात राजस्थानातल्या हवेलीतली सासू. मुलगा परदेशी गेलेला, तो परत येत नाही, आणि त्याचं सगळं दुःख कोवळ्या विधवा सुनेवर निघतं. शेजारीण म्हणाली, “अगं, हिचे डोळेसुद्धा बदलले की!”

ही प्रतीक्षा लोणकर. आमच्या गावची, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादची. मी शाळेत मराठी शिकवलं आणि गॅदरिंगची नाटकं बसवली, त्यामुळे गावातून कोण नट झालं याचा हिशेब माझ्याकडे आपोआप राहतो. तिच्याबद्दल लिहायचं तर सुरुवात ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेपासून करावी लागते.

त्या काळी मराठवाड्यात व्यावसायिक नाटक म्हणजे मुंबई-पुण्याहून येणारी बस. रात्री प्रयोग, पहाटे बस परत. इथल्या पोरांनी शिकायचं ते एकांकिका स्पर्धांत आणि राज्य नाट्य स्पर्धेत. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि त्यांच्या मित्रांनी इथेच ‘जिगीषा’ सुरू केली आणि पुढे ही मंडळी मुंबईला गेली. प्रतीक्षा याच गोतावळ्यातली; प्रशांत दळवी तिचे पती. हौशी संस्थेत नायिका म्हणून कुणी वेगळी बसत नाही. आज मुख्य भूमिका, उद्या प्रॉम्प्टिंग, परवा कपड्यांना इस्त्री. समोरच्याचं वाक्य ऐकून मग आपलं बोलायचं, ही सवय तिथे लागते. पुढे कितीही मोठा कॅमेरा आला तरी ती जात नाही.

१९९१ साली प्रशांत दळवींचं ‘चारचौघी’ आलं, दिग्दर्शन चंद्रकांत कुलकर्णींचं. आई आणि तिच्या तीन मुली, चौघींनी आपापल्या नात्यांबद्दल रोखठोक प्रश्न विचारायचे. दीपा श्रीराम, वंदना गुप्ते, आसावरी जोशी आणि प्रतीक्षा लोणकर अशी ती चौकडी होती. धाकटी विनी प्रतीक्षाकडे. दोन पुरुष आवडतात आणि एकाला सोडायची तिची तयारी नाही. नाटक पाहून आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडले. एकीने तर डबा उचलून दुसऱ्या टेबलावर नेला. विनी जरा उथळ वाटली असती, तर आम्ही तिला हसून सोडून दिलं असतं. भांडलो, म्हणजे ती खरी वाटली.

मग आली ‘दामिनी’. मराठीतली पहिली दैनंदिन मालिका म्हणून तिचं नाव घेतलं जातं. दूरदर्शनवर दुपारी लागायची आणि वाड्यातल्या बायका तेवढा वेळ निवडणं-टिपणं टीव्हीसमोर आणायच्या. नायिका प्रतीक्षाच; पत्रकार, अन्यायाविरुद्ध उभी राहणारी. आज रोजच्या मालिका डझनभर आहेत, पण तेव्हा मराठी घरात रोज येऊन बसणारी नोकरदार नायिका नवीच होती. आमच्या वर्गातल्या मुली निबंधात ‘मला पत्रकार व्हायचंय’ लिहू लागल्या.

रोजच्या मालिकेत नटाचा कस वेगळ्या तऱ्हेने लागतो. नाटकाला महिनाभर तालीम मिळते आणि चुकलेली जागा पुढच्या प्रयोगात सुधारता येते. मालिकेत संवाद हातात पडतात आणि थोड्याच वेळात कॅमेरा सुरू होतो. सिनेमात तर शेवटचा प्रसंग आधी आणि पहिला नंतर चित्रित होऊ शकतो, भावनेचा धागा नटाने स्वतःच धरून ठेवायचा. नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज कॅमेऱ्यासमोर घशातच आवरावा लागतो. रंगमंचावरून आलेले कितीतरी चांगले नट इथेच अडखळतात.

प्रतीक्षा अडखळली नाही, हे ‘भेट’मध्ये दिसतं. चंद्रकांत कुलकर्णींचा हा २००२चा चित्रपट, सोबत अतुल कुलकर्णी. मुलापासून दुरावलेली आई. हे कथानक हातात पडल्यावर दुसरी एखादी पदर डोळ्यांना लावून मोकळी झाली असती. प्रतीक्षा रडू येईपर्यंत आपल्याला नेते आणि स्वतः मात्र आवरते. रडायचं काम प्रेक्षकावर सोडते.

आपल्या सिनेमात आईची भूमिका म्हणजे नटीला दिलेली पेन्शन. देवघर, खीर, अश्रू, झालं. प्रतीक्षाने त्या ठरीव आईत माणूस शोधला. सईदाला मुलाचं यश हवं आहेच, पण त्याआधी तिला स्वतःला क्रिकेट आवडतं! ‘डोर’मधली सासू दुष्ट नाही, तिला दुःख कुठे ठेवावं तेच कळत नाही.

हल्ली पालक मला विचारतात, मुलीला अभिनयात जायचंय, मुंबईत कुठला क्लास लावू? मी म्हणते, आधी इथल्या एखाद्या नाटक मंडळात घाला. वर्षभर तिला दुसऱ्याचं वाक्य ऐकायला शिकू द्या. क्लास नंतरही मिळेल.