बंदीवाचून बंदोबस्त

वृत्तपत्रावर उघड बंदी घालणे कोणत्याही सरकारला महागात पडते. बोभाटा होतो आणि न्यायालयात उत्तर द्यावे लागते. त्यामुळे दाब बहुधा आडवाटेने येतो: परवाना, पानांची मर्यादा, हक्कभंग, मनाई हुकूम, जाहिराती. बंगळूरने यातले बरेच प्रकार पाहिले आहेत.

1908 साली टिळकांना ‘केसरी’तील लेखांबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी म्हैसूर संस्थानाने वृत्तपत्रांसाठी कायदा केला. पत्र काढायला सरकारची परवानगी लागणार आणि ती काढून घेण्याचा अधिकारही सरकारचाच. हा कायदा आणणारे दिवाण व्ही. पी. माधवराव तंजावरच्या मराठी घराण्यातले होते. म्हैसूरचे ज्येष्ठ संपादक एम. वेंकटकृष्णय्या यांनी निषेध म्हणून आपली पत्रेच बंद केली.

स्वतंत्र भारताच्या संविधानात वृत्तपत्रस्वातंत्र्य असा वेगळा शब्द नाही. कलम 19मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच ते धरले जाते. त्याची कसोटी लागली ती पुण्याच्या ‘सकाळ’मुळे. किती पानांना किती किंमत, हे 1960च्या सरकारी आदेशाने ठरवून दिले. ‘सकाळ’ सात नये पैशांत, रविवार सोडून सहा दिवसांत मिळून 34 पाने देत असे. आता त्याच किमतीत 24 पाने द्यायची, नाहीतर किंमत वाढवायची. सरकारचे म्हणणे, यामुळे छोट्या पत्रांना संरक्षण मिळेल. सप्टेंबर 1961मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश रद्द केला. न्या. मुधोळकरांनी निकालात सांगितले की पाने किंवा खप यांवर घाला घालणे म्हणजे अभिव्यक्तीवरच घाला घालणे होय. धंद्याचे नियमन या नावाखाली तो खपवून घेता येणार नाही.

विधिमंडळाच्या विशेषाधिकारापुढे मात्र हे कवच पातळ पडते. 21 जून 2017 रोजी कर्नाटक विधानसभेने ‘हाय बेंगळूर’चे संपादक रवी बेळगेरे आणि ‘येलहंका व्हॉइस’चे अनिल राजू यांना प्रत्येकी एक वर्षाचा तुरुंगवास आणि दहा हजार रुपये दंड ठोठावला. गुन्हा काय, तर आमदारांविषयी बदनामीकारक मजकूर छापला. तक्रारदारांत काँग्रेसचेही होते, भाजपचेही. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष इथे एका सुरात बोलले. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे शिक्षा जाहीर करणारे अध्यक्ष के. बी. कोळिवाड स्वतःच एक तक्रारदार होते. बदनामी झाली असेल तर न्यायालयाची वाट सर्वांना मोकळी असते. तिथे फिर्यादी न्यायासनावर बसत नाही. सभागृहाला हे साधते, कारण संविधानाच्या कलम 194(3)मधील विशेषाधिकारांची यादी आजवर कायद्याने केलेलीच नाही. शिवाय 1958च्या ‘सर्चलाइट’ या वृत्तपत्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने विशेषाधिकाराला झुकते माप दिले होते. संपादक उच्च न्यायालयात गेले, प्रकरण फेरविचारासाठी सभागृहाकडे परतले आणि नोव्हेंबरमध्ये बेळगावच्या अधिवेशनात सभागृहाने शिक्षा कायम केली.

अलीकडचे हत्यार मनाई हुकमाचे. मार्च 2021मध्ये कर्नाटकचे मंत्री रमेश जारकीहोळी यांना आक्षेपार्ह सीडीच्या प्रकरणावरून मंत्रिपद सोडावे लागले. पाठोपाठ राज्यातल्या सहा मंत्र्यांनी बंगळूरच्या दिवाणी न्यायालयात धाव घेतली आणि साठांहून अधिक माध्यमांविरुद्ध बदनामीकारक मजकुराला मनाई करणारा हुकूम मिळवला. बातमी अजून छापलेलीही नव्हती! अशा एकतर्फी हुकमात माध्यमांची बाजू ऐकलीच जात नाही. पुढे तो उठतो, पण तोवर बातमी शिळी झालेली असते. मार्च 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्लूमबर्ग’ या वृत्तसंस्थेच्या प्रकरणात बजावले, की अपवादात्मक प्रसंग वगळता खटला चालण्याआधी अशी मनाई करू नये.

सर्वांत मुका दाब पैशाचा. त्यात नोटीस नसते, निकाल नसतो. सरकारी जाहिरात येईनाशी होते, इतकेच. पी. लंकेश यांनी 1980मध्ये बंगळुरात ‘लंकेश पत्रिके’ हे साप्ताहिक काढले ते जाहिराती न घेता, निव्वळ खपावर. दैनिकांना हा मार्ग अवघड आहे. अंकाच्या किमतीत कागद आणि छपाईचाही खर्च सहसा भागत नाही. जिल्ह्याच्या छोट्या पत्राला तर सरकारी निविदा आणि नोटिसा हाच मोठा आधार असतो.