नळी बाहेर काढली म्हणजे धुरांडे होत नाही

मुंबईत साकीनाक्याला खैरानी रोडलगतच्या गल्ल्यांत खोलीवर पोटमाळा, पोटमाळ्यावर पत्रा आणि भिंतीला भिंत अशी घरे आहेत. अशा घरात लाकडाची चूल मांडायची म्हटली, की ‘एक चिमणी बसवून टाका’ असा सल्ला हमखास मिळतो. सल्ला देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असते ती गॅसच्या शेगडीवरची विजेची चिमणी.

ती चुलीच्या कामाची नाही. बाहेर नळी न काढलेली चिमणी तेलाचे कण आणि वास गाळून तीच हवा खोलीत परत सोडते. लाकडाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिच्या कोळशाच्या गाळणीत अडकत नाही. या वायूला ना रंग, ना वास. खोली स्वच्छ वाटत असतानाच माणूस बेशुद्ध पडू शकतो. बंद खोलीत हवा बाहेर फेकणारा जोरकस पंखा लावला, तर धुरांड्यातला धूरही उलटा आत येतो.

दुसरा समज असा, की धुराला वाट दिली की तो आपसूक निघून जातो. खरे तर नळीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम आणि म्हणून हलकी असते, तेवढ्याच जोरावर ती वर चढते. नळी जितकी उंच आणि आतून गरम, तितकी ओढ चांगली. पूर्वी घरोघरी असलेल्या, पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबात मधोमध उभी नळी असे ती याच कारणाने. खिडकीतून आडवी काढलेली नळी धूर थंड करते, प्रत्येक वळण ओढ कमी करते. चुलीच्या तोंडापेक्षा फार रुंद नळी घेतली तरी धूर रेंगाळतो.

उंचीचा एक जुना, पक्का नियम अमेरिकेच्या अग्निसुरक्षा मानकात आहे: नळी छपरातून निघते तिथून किमान 3 फूट वर, आणि 10 फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याहून 2 फूट वर. साकीनाक्यात 10 फुटांत समोरच्या घराचा पोटमाळा येतो. नियम पाळता येत नसेल, तर तिथे लाकूड पेटवूच नये. आपला धूर शेजारच्या झोपलेल्या मुलांच्या खोलीत सोडण्याचा हक्क कुणालाही नाही. याच खैरानी रोडवर 18 डिसेंबर 2017 रोजी फरसाणाच्या गाळ्याला लागलेल्या आगीत 12 जणांचा जीव गेला. ती आग धुरांड्याची नव्हती, पण दाटीच्या वस्तीत आग किती घात करते ते तिने दाखवले.

सरपण म्हणून कारखान्यातले प्लायवूडचे तुकडे फुकट मिळतात. त्यातला डिंक जळून विषारी वायू निघतात, रंगवलेली फळीही तशीच.

गावी घर बांधणाऱ्यांना मात्र धुरांडे नीट योजता येते, पण त्याची देखभालही करावी लागते. सरकारने 1983 मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यातल्या अनेक चुली पुढे बंद पडल्या, कारण नळी साफ करणे आणि दुरुस्त करणे कुणी पाहिले नाही. ओल्या लाकडाचा धूर नळीत डांबरासारखा चिकटतो आणि एक दिवस तोच थर पेट घेतो. म्हणून सरपण पावसाआधी कोरडे करून आडोशाला रचावे. एकेरी पत्र्याची नळी वासे आणि प्लास्टिकच्या ताडपत्रीपासून 18 इंच लांब ठेवावी, छपरातून नेताना मात्र उष्णतारोधक दुहेरी नळी घ्यावी. खाली काजळी काढायचे झाकण आणि वर पावसाची टोपी या दोन गोष्टी गवंड्याला पहिल्याच दिवशी सांगाव्यात.